डोक्यावरचं उतरतं तेव्हा

अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर एक चित्र आहे. राजवाड्यातली एक स्त्री बसल्या जागी कोसळते आहे, मान कलली आहे, आजूबाजूच्या दासी तिला सावरताहेत. इंग्रजी पुस्तकांनी गेली शंभरहून अधिक वर्षं तिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हटलं. पण ती मरत नाही. ती सुंदरी आहे, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. तिच्यासमोर एक सेवक उभा आहे आणि त्याच्या हातात नंदाचा मुकुट आहे. मुकुट घरी आला, डोकं आलं नाही. नवऱ्याने मुंडन करून भिक्षूची चीवरं घेतली, ही बातमी सुंदरीला शब्दांनी कळत नाही, त्या रिकाम्या मुकुटावरून कळते.

ही कथा अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यातली आहे, आणि अश्वघोष नाटककारही होता. त्याच्या नाटकांचे तुकडे मध्य आशियात सापडले. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रकाराला हे नेमकं ठाऊक होतं, की डोक्यावरची वस्तू डोक्यावर असते तेव्हा माणूस कोण आहे ते सांगते, आणि उतरते तेव्हा त्या माणसाचं काय झालं ते सांगते.

छत्रपती संभाजीनगरहून हे लेणं साधारण शंभर किलोमीटरवर आहे. आमच्या शहरातल्या संत एकनाथ रंगमंदिरात एखादं संगीत नाटक पाहताना मला हा मुकुट आठवतो. एकच नाटक वेगवेगळ्या संस्था करतात, पदं तीच, संवाद तेच. अशा दोन प्रयोगांची तुलना करायची तर लोक गायकांची करतात, फार तर नेपथ्याची. मी डोक्यांची करतो. मुकुट, टोप, पगडी, फेटा, जटा, गंगावन यांची. त्यातही ते कसं चढवलंय यापेक्षा ते कुठे आणि कसं उतरतं, इकडे माझं लक्ष असतं. दिग्दर्शकाने नाटक किती वाचलंय ते मला तिथे कळतं.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचा एक अख्खा अध्याय आहे. त्यात मुकुटांचे तीन प्रकार सांगितले आहेत: किरीटी, मस्तकी आणि पार्श्वगत. श्रेष्ठ देवांना किरीट, राजाला मस्तकी, खालच्या दर्जाच्या देवांना पार्श्वगत. सेनापती आणि युवराज यांना अर्धमुकुट. अमात्य, कंचुकी, श्रेष्ठी, पुरोहित यांच्या डोक्याला वस्त्राचं वेष्टन, म्हणजे आपलं पागोटंच. विद्याधर-सिद्धांना तर केसांचाच मुकुट. याहून मला आवडतो तो त्याच अध्यायातला व्यवहारी सल्ला. जड दागिने चढवले तर नट थकतो, घामाने हैराण होतो, त्याला भोवळही येऊ शकते. म्हणून लाख, कापड, पातळ पत्रा अशा हलक्या वस्तूंचा वापर करावा. बेलाच्या गराचा लगदा कापडावर चढवून शिरोभूषणाचा साचा करण्याची रीतही तिथे सापडते. गणपतीच्या दिवसांत पुठ्ठा, खळ आणि बेगड घेऊन मेळ्यासाठी मुकुट करणारा कारागीर हेच करत आला. आता आमच्या शहरातल्या गुलमंडीच्या दुकानांतून लेस आणि खडे आणून ते फोमच्या पत्र्यावर चिकटवतात. साहित्य बदललं, हिशेब तोच राहिला: लांबून जड दिसायला हवं आणि डोक्यावर हलकं लागायला हवं.

मराठी रंगभूमीवरच्या मुकुटाचं एक मूळ कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आहे. 1842 साली उत्तर कानडातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला आली आणि तिचे खेळ पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही, पण अधिक नेटकं करायला सांगितलं. 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. भागवत मंडळींचे खेळ यक्षगानाचे, आणि यक्षगानातलं डोकं अवाढव्य असतं. कापडाच्या गुंडाळ्या आणि पट्ट्यांनी बांधत नेलेलं मुंडासं नटाच्या चेहऱ्याच्या कितीतरी पट मोठं दिसतं. उघड्या माळावर, मशालीच्या उजेडात, लांब बसलेल्या माणसाला पात्र ओळखू यावं यासाठी तो आकार आहे. नाटक माळावरून बंदिस्त नाट्यगृहात आलं, प्रेक्षक जवळ आला आणि मुकुट लहान होत गेला. कोकणच्या दशावतारात मात्र तो पूर्वीचा थाट अजून दिसतो.

संगीत नाटक आलं आणि मुकुटासमोर एक नवीनच अडचण उभी राहिली: कान. मूर्तीवरच्या मुकुटाला कानांवर उतरणारी कर्णफुलं असतात, झालरी असतात. दगडाच्या मूर्तीला त्याचं काही नाही. पण ज्या नटाला ऑर्गनचा सूर धरून तासन्‌तास पदं म्हणायची आहेत, त्याचा कान झाकला की सूर हलला. कपाळावर आवळून बांधलेला मुकुट तर तार सप्तकात जाताना भुवया वर उचलू देत नाही. म्हणून गाणाऱ्या कृष्णाचा मुकुट कानाच्या वर संपतो आणि बिनगाण्याच्या पौराणिक नाटकातल्या रावणाचा कानावरून खाली येतो. पुढच्या वेळी पाहा. मुकुटाच्या कडेवरूनच पात्राला पदं आहेत की नाहीत याचा अंदाज येतो.

आता ‘सौभद्र’ घेऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक 1882 साली रंगमंचावर आणलं आणि तेव्हापासून त्याचे प्रयोग कुठे ना कुठे होतच आहेत. तुलनेला याच्याइतकं सोयीचं मराठी नाटक दुसरं नाही. कथेचा खिळा अर्जुनाच्या डोक्यात आहे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, कृष्णाला अर्जुनाला. अर्जुन यतीच्या वेषात येतो आणि भोळा बलराम त्याच यतीच्या सेवेला आपल्या बहिणीची नेमणूक करतो. म्हणजे राजपुत्राचा मुकुट उतरला नाही तर नाटकच घडत नाही.

मी पाहिलेल्या प्रयोगांत हा यती तीन तऱ्हांनी येतो. काही जण भगवं वस्त्र डोक्यावरून घेतात आणि खांद्यावर सोडतात. काही जण जटांचा टोप घालतात, दाढीसकट. काही जण केस मोकळे सोडून नुसतं भस्म लावतात. खरं म्हणाल तर संन्याशाचं डोकं मुंडन केलेलं हवं, पण तसा अर्जुन मला अजून दिसलेला नाही. या तीन तऱ्हांत फरक फक्त दिसण्याचा नाही. यतीच्या डोक्याने एकाच वेळी दोघांशी वेगळं वागायचं असतं: बलराम फसला पाहिजे आणि प्रेक्षक फसता कामा नये. जटा भुवयांपर्यंत ओढल्या तर बलरामाचं फसणं पटतं, पण आपला अर्जुन हरवतो, त्याची सुभद्रेकडे जाणारी नजर दिसेनाशी होते. नुसतं भस्म लावलं तर अर्जुन दिसत राहतो, पण बलराम मूर्ख ठरतो. आणि बलराम मूर्ख नाही. तो सरळ आहे, साधूवर श्रद्धा ठेवणारा आहे. डोक्यावरून घेतलेलं भगवं वस्त्र मला सर्वांत योग्य वाटतं. बलराम समोर असताना नट ते कपाळावर ओढतो, एकटा झाला की मागे सारतो. शिवणाचा एक टाका न घालता त्या वस्त्राने दोन माणसं उभी राहतात.

‘सौभद्र’नंतर आठेक वर्षांनी राजा रविवर्म्याने बडोद्यासाठी अर्जुन आणि सुभद्रा रंगवले. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी पुढे मराठी घराघरांत देवांचे मुकुट ठरवून टाकले आणि कपडेपटानेही तेच उचलले. त्याच्या थोडं आधी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते. 1872 ते 1885 असं ते काम चाललं, पुष्कळशा प्रतिकृती लंडनच्या आगीत जळाल्या आणि मोठे ग्रंथ निघाले ते 1896–97 मध्ये. तोवर रविवर्म्याचा मुकुट रुळला होता. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा तो नाजूक, फुलाफुलांचा उंच मुकुट आपल्या नाटकात फारसा आलाच नाही. तो आला सिनेमात. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘आम्रपाली’साठी (1966) अजिंठ्यात येऊन चित्रं अभ्यासली आणि केशरचना, शिरोभूषणं थेट भिंतीवरून उचलली. संगीत नाटकाने ही संधी सोडली याची मला मनापासून खंत वाटते. ज्या जिल्ह्यात ही चित्रं आहेत, त्या जिल्ह्यातल्या संस्थांनी तरी ती सोडू नये.

खाडिलकरांचं ‘मानापमान’ 12 मार्च 1911 रोजी रंगमंचावर आलं, आणि त्याचा तर विषयच दागिना आहे. श्रीमंत भामिनी गरीब सैनिक धैर्यधराला झिडकारते, मग त्याची पारख करायला वनमाला या साध्या मुलीचा वेष घेऊन छावणीत जाते. म्हणजे इथेही डोक्यावरचं उतरतं: मूद, केवडा, फुलांची वेणी, मोत्यांचे पदर. पहिली भामिनी बालगंधर्व. पुरुष नटाच्या डोक्यावर स्त्रीचा केसांचा टोप असतो. त्याचे दागिने टोपालाच टाचलेले असतात, ते भरभर काढता येत नाहीत. त्यामुळे भामिनीची वनमाला करायची तर दागिने उतरवून भागत नाही, सबंध डोकंच बदलावं लागतं. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून संयुक्त ‘मानापमान’ केलं, तेव्हाही भामिनी पुरुषच होती. 2025 साली सुबोध भावे यांनी यावर चित्रपट केला तेव्हा भामिनी वैदेही परशुरामी होत्या. जिचे केस तिचे स्वतःचे आहेत ती नटी प्रेक्षकांसमोर एकेक फूल काढू शकते. पुरुष नटाला जे विंगेत करावं लागे ते आता उजेडात करता येतं. हा फरक मला पोशाखाच्या भरजरीपणापेक्षा किती तरी मोठा वाटतो.

टोपाच्या केसांवरून एक आठवलं. आपल्या बायका अंबाड्याला जोडायचं ते गंगावन, ते मूळचं हिमालयातल्या चमरी गाईच्या, म्हणजे याकच्या शेपटीच्या केसांचं. लंडनमध्ये 1981 साली ‘कॅट्स’ ही संगीतिका आली, तेव्हा मांजरांच्या टोपांसाठी वापरलेले केसही याकचेच. जाड, चिवट, रंग धरणारे आणि घामाने न चिकटणारे. केस जोडणाऱ्या कारागिराला दोन्हीकडे एकच प्राणी सापडला.

पगडी आणि फेटा यांतला फरकही उतरण्यातच कळतो. पुणेरी पगडी शिवलेली, टाचलेली, तयार असते. ती भांड्यासारखी उचलून खुंटीवर किंवा चौरंगावर ठेवता येते. मालक नसला तरी ती मालकाच्या जागी बसते. फेटा किंवा आपल्या मराठवाड्यातला पटका आठ-नऊ मीटर कापड असतो आणि डोक्याबाहेर त्याला आकार नाही. तो पडला की सुटतो, अंगावरून वाहत जातो. रंगमंचावर भांडणात फेटा उडाला आणि त्याचं कापड जमिनीवर पसरलं, की प्रेक्षकांना काही सांगावं लागत नाही. हल्ली वेळ वाचवायला शिवलेला तयार फेटा भाड्याने आणतात. तो उडाला की टोपलीसारखा लोळतो आणि इतका वेळ ताणून आणलेला प्रसंग तिथेच ढासळतो. फेटा पडणार असेल, तर तो त्या रात्री नटाच्या डोक्यावरच बांधला पाहिजे. याला पर्याय नाही.

आता आमच्या गावचा माणूस, घाशीराम. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात झालं. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्य कृष्णदेव मुळगुंद. कीर्तन, खेळे, दशावतार, तमाशा या सगळ्यांतून उभं राहिलेलं हे नाटक पदांच्या बैठकीचं नसलं तरी पुरेपूर संगीत नाटक आहे. नाटकातला घाशीराम कनौजचा म्हणून येतो. इतिहासातला घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण पुण्याला गेला तो औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून. नाना फडणविसांच्या अमदानीत तो पुण्याचा कोतवाल झाला. 1791 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कैदेत कोंडलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलं, आणि नानांनी त्याला जमावाच्या हाती दिलं. लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं.

या नाटकाचा कणा म्हणजे ब्राह्मणांची ओळ. ती गाते, नाचते, डुलते आणि लागेल तेव्हा पाठ फिरवून भिंत होते. त्या भिंतीच्या आड नानाचे आणि घाशीरामचे व्यवहार चालतात. पाठ फिरली की प्रेक्षकांना चेहरे दिसत नाहीत, दिसतात ती डोक्यांची मागची बाजू आणि शेंड्या. म्हणून या नाटकात डोक्याची मागची बाजू पुढच्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि इथेच प्रयोगाप्रयोगांत फरक पडतो. थिएटर अॅकॅडमीने हे नाटक 1974 पासून केलं आणि 1980 पासून परदेशांतही नेलं. लाल पगडी म्हणजे सदाशिव पेठ हे बर्लिनच्या प्रेक्षकाला कळण्याचं कारण नाही. त्याला कळते ती एकसारख्या डोक्यांची रांग आणि तिचं एकाच तालात झुकणं. 1976 च्या चित्रपटात ओम पुरी घाशीराम झाले, मोहन आगाशे नानाच राहिले. कॅमेरा एकेका चेहऱ्याजवळ जाऊ शकतो, त्यामुळे भिंतीची ताकद तिथे कमी होते.

महाविद्यालयांच्या आणि हौशी प्रयोगांत मला एक गोष्ट खटकते. दुकानातून आणलेल्या एकाच मापाच्या लाल पुणेरी पगड्या सगळ्यांच्या डोक्यावर ठेवतात. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही आटोपशीर पगडी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तिच्याशी न्यायमूर्ती रानड्यांचं नाव जोडलं जातं. नानांच्या काळातली पगडी अशी नव्हती. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स 1790 नंतर पुण्यात होता, त्याने नानांचं चित्र काढलं आहे. त्यातलं शिरोवेष्टन पसरट आहे, घड्यांचं आहे. हाच वेल्स वेरूळला येऊन लेण्यांची चित्रं काढत होता आणि पुण्याचा गंगाराम तांबटही त्या कामात होता. तेव्हा नानांची पगडी कशी होती हे शोधायला पुरावा नाही असं कुणी म्हणू नये.

पण पगडीच्या अचूकपणापेक्षा मोठी चूक शेवटी होते. नाटकात नाना घाशीरामची शिक्षा सांगतो तेव्हा त्यात डोकं भादरायचं, शेंदूर फासायचा, उंटावरून धिंड काढायची असं येतं. ज्या गावाने त्याला परका म्हणून चोर ठरवलं, त्या गावावर त्याने कोतवालीचा पोशाख चढवून सूड घेतला. आता त्याच गावासमोर त्याचं डोकं उघडं पडतं. ओळीतल्या सगळ्यांची शेंडी जागेवर आहे आणि एकट्या घाशीरामची नाही. काही प्रयोगांत नट हा प्रसंग कोतवालाचं पागोटं डोक्यावर ठेवूनच करतो, कारण ते घट्ट बसवलेलं असतं. मग संवाद एक सांगतो आणि डोकं दुसरंच. याउलट एखाद्या प्रयोगात पागोटं आधीच, जमाव दिसताच, घाशीराम स्वतःच्या हाताने काढून खाली ठेवतो असं केलं तर? मला वाटतं, तो मरण ओळखून आहे हे त्या एका हालचालीने कळेल.

उघड्या डोक्याची ताकद जगानेही पाहिली आहे. ब्रॉडवेवर 1951 साली ‘द किंग अँड आय’ आलं. वेशभूषाकार आयरीन शॅराफ यांच्या सांगण्यावरून युल ब्रिनरने डोकं पूर्ण भादरलं, आणि त्या राजाची ओळख कोणत्याही मुकुटापेक्षा त्या गोट्याने ठरली. पुढच्या राजांना केस ठेवायचे तर आधी त्याचं कारण द्यावं लागलं. ज्युली टेमर यांच्या ‘द लायन किंग’मध्ये (1997) सिंहाचा मुखवटा नटाच्या चेहऱ्यावर नाही, डोक्याच्या वर असतो, माणूस आणि प्राणी दोघेही एकदम दिसावेत म्हणून. सिंहराजा मुफासाचा तो मुखवटा जेमतेम 300 ग्रॅमचा आहे. भरताचा हलकेपणाचा नियम तिथेही पाळला गेला.

आणि आपल्याकडे ‘संगीत देवबाभळी’. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांचं हे नाटक 2017 मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुतला आहे आणि तिची सेवा करायला खुद्द रखुमाई लखूबाई होऊन घरात राहते. खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’तल्या रुक्मिणीला बालगंधर्वांनी जेवढं नटवलं, तेवढीच ही रुक्मिणी साधी. डोक्यावर मुकुट नाही, पदर आहे. देवपण तिने पंढरपूरला उतरवून ठेवलं आहे. मुकुट न दाखवता तो उतरवल्याचं भान सबंध नाटकभर टिकवणं, हे काम मला मी अलीकडे पाहिलेल्या कुठल्याही भरजरी संगीत नाटकापेक्षा अवघड वाटतं, आणि ते त्यांनी साधलं आहे.

आमच्या शहरात विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, हिमरूचे माग आहेत, पैठणला पैठणीचे विणकर आहेत. इथल्या ज्या मंडळींना ‘सौभद्र’ किंवा ‘घाशीराम’ उभं करायचं आहे, त्यांना माझी विनंती आहे: मुकुट-पगड्यांची ऑर्डर देण्याआधी एक दिवस 16 क्रमांकाच्या लेण्यात जा. फ्लॅश चालत नाही, उजेड मंद आहे, रंग पुष्कळ झिजले आहेत, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबा. मग सुंदरीकडे नंतर, आधी मुकुट धरलेल्या सेवकाकडे पाहा. अजिंठा सोमवारी बंद असतो.